इतर हक्कात

आमच्या घरात दोन दप्तरं असायची. एक माझं, खाकी कापडाचं, ज्याचा बंद उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत कधी टिकायचा नाही. दुसरं अण्णांचं. तांबड्या मांजरपाटाच्या चौकोनी फडक्यात जाड नोंदवह्या, वर आडव्या-उभ्या गाठी, आणि सायकलच्या कॅरिअरला दोरीनं करकचून आवळलेलं ते गाठोडं. अण्णा तलाठी होते. माझ्या दप्तराला पाय लागला की आई नमस्कार करायला लावायची. अण्णांच्या दप्तराला मात्र हातही लावायचा नसे. "त्यात लोकांच्या जमिनी आहेत," ती म्हणायची. मला कितीतरी दिवस वाटायचं, जमिनी खरोखरच त्या फडक्यात बांधलेल्या आहेत आणि अण्णा रात्री त्या उशाशी घेऊन झोपतात.

दप्तर हा शब्द मुळात कचेरीचा. फारसीतून तो आपल्याकडे आला, आणि त्याचं मूळ थेट ग्रीक भाषेतल्या कातड्याच्या शब्दापर्यंत जातं, कारण लिहायचं ते एके काळी कातड्यावर. पुण्यातल्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे गठ्ठे ज्या कापडात बांधलेले असतात त्याला रुमाल म्हणतात. तोच रुमाल आपण खिशात घालतो आणि तेच दप्तर सहा वर्षांचं पोर पाठीला लावतं. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. मला वाटतं, कारकुनाचे कागद फडक्यात आणि पोराची पाटी-पुस्तकंही फडक्यात, दोन्ही गाठोडी लांबून सारखीच दिसली असतील, आणि एखाद्या आईनं कौतुकानं म्हटलं असेल, घे तुझं दप्तर. पोराला कारकुनाचा मान देऊन टाकला तिनं.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं. अण्णांची नेमणूक वेगवेगळ्या गावांना व्हायची, पण बिऱ्हाड गावातच. सकाळी सातपासून ओट्यावर माणसं बसलेली असायची. अण्णांना सगळे 'भाऊसाहेब' म्हणत, अण्णांपेक्षा तीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. मी दात घासता घासता ऐकायची. फेरफार, खातेफोड, पोटहिस्सा, वर्दी, बोजा. सर्कलनं नोंद मंजूर केली. सोसायटीचा बोजा चढला. एकुमॅ कमी करायचंय. हे शब्द मला पाढ्यांसारखे पाठ झाले, अर्थ न कळता.

एकुमॅ म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. वडील गेल्यावर थोरल्याचं एकट्याचं नाव सातबाऱ्याला लागायचं, पुढं ही तीन अक्षरं. म्हणजे जमीन सगळ्यांची, नाव फक्त सोयीसाठी त्याचं. पुढं थोरला ती तीन अक्षरं विसरायचा, धाकटे विसरायचे नाहीत. ओट्यावरची निम्मी भांडणं एवढ्यावरच.

दुसरा असाच शब्द 'अपाक'. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील नसलेला. एकदा अण्णा आईला सांगत होते, "त्याच्या नावाला अपाक आहे." मला वाटलं, काहीतरी दुखणं असणार. अपचनासारखं, पण मोठं. मी दोन दिवस त्याच्या शेजारी बसले नाही. मग न राहवून अण्णांना विचारलं. त्यांनी वही उघडली, पहिल्यांदाच माझ्यासमोर, आणि बोट ठेवून दाखवलं: अ.पा.क. अज्ञान पालन कर्ता. मुलगा अजाण आहे, म्हणून त्याच्या वतीनं आई. "तो अठरा वर्षांचा झाला की हे आपण काढून टाकणार," अण्णा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या डब्यातला लाडू दिला. पुढं बऱ्याच वर्षांनी, तो चांगला मिशीवाला झाल्यावर, त्याची आई आमच्या ओट्यावर त्याच्याबद्दलच तक्रार करत होती. दारं धरायला पाठवलं तर हा बांधावर झोपला, आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात. "भाऊसाहेब, कागदावरचं अपाक तुमी काढलं. पोराचं अजून निघंना."

त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरांच्या मागं कुठले तीन शब्द आहेत हे तिला कधी कुणी सांगितलं असेल असंही वाटत नाही. पण त्या शेऱ्याखाली तिनं तेरा-चौदा वर्षं काढली होती. तो शब्द तिला कचेरीनं दिला आणि तिनं तो पोराच्या स्वभावाला लावला. परिभाषेतला शब्द लोकांच्या तोंडी कसा जातो, असं कुणी विचारलं की मला विद्वान आठवत नाहीत, ही बाई आठवते.

सगळ्यांत लांबचा प्रवास सातबाऱ्याचा. मुळात हे शब्द नाहीतच, दोन आकडे आहेत. गावच्या महसुली कागदांचे एक ते एकवीस नमुने असतात. सात नंबरच्या नमुन्यात जमीन कुणाची, किती, कशी हे. बारा नंबरच्या नमुन्यात तिच्यावर काय पिकलं हे. दोन्ही एकाच कागदावर छापले, म्हणून सात-बारा. पहिल्यानं ज्यानं जोडून उच्चारलं त्याला वेळ वाचवायचा असेल, एवढंच. पण जिभेनं त्याला उचललं आणि मराठी करून टाकलं. सातबारा पुल्लिंगी झाला, कारण 'आ'नं संपतो. सातबाऱ्यावर, सातबाऱ्याचा, चार सातबारे. घोडा चालतो तसा चालायला लागला. शब्द घरचा झाला की नाही हे शब्दकोश फार उशिरा सांगतो, विभक्ती आधी सांगते. त्याच दप्तरातला 'आठ अ', ज्यावर एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दिसते, तो सातबाऱ्याइतकाच कामाचा. पण बँकेत जाताना लागतो तेवढाच. त्याला प्रत्यय लावायला गेलं की तो अडतो, आणि त्याच्यावरून कुणी कुणाला टोमणाही मारत नाही. सातबाऱ्यावरून मारतात. बसमध्ये खिडकीची जागा अडवून बसलेल्याला विचारतात, सातबारा आहे का तुझ्या नावावर? राजकारणात म्हणतात, सत्तेचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. कर्जमाफीच्या मोर्च्यात 'सातबारा कोरा करा' ही आरोळी उठते, आणि तिथं कोरा म्हणजे काय हे ऐकणाऱ्याला समजावावं लागत नाही. कोरा म्हणजे बोजा उतरलेला.

'बोजा'चीही गंमत वेगळीच आहे. तो आधी रस्त्यावरचा, हमालाच्या डोक्यावरचा. कचेरीनं तो उचलून कर्जाला लावला. मग तोच परत घरात आला, आता कर्जाचा वास घेऊन. असं जाणं-येणं चालूच असतं. 'उतारा' घ्या. विषावर उतारा, दृष्ट काढून तिकाटण्यावर ठेवलेला उतारा, आणि कचेरीतून मिळणारा सातबाऱ्याचा उतारा. आमच्याकडं जमिनीच्या वादात सापडलेली माणसं तिन्ही उतारे शोधत फिरत.

आमच्या तालुक्याला या सगळ्यात एक खास जागा आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं दख्खनच्या जमिनींची मोठी किचकट मोजणी आणि आकारणी केली. शेतसारा इतका जड झाला की लोकांनी जमिनी पडीक टाकल्या. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी नव्यानं सुरुवात केली ती इंदापूर तालुक्यातून. ज्या पद्धतीनं पुढं मुंबई इलाख्याची जमीन मोजली गेली, तिची घडण आमच्या काळ्या-बरड रानांत झाली. तीस वर्षांसाठी सारा ठरवून द्यायचा आणि जमिनीची प्रत आण्यांत मांडायची. उत्तम जमीन सोळा आणे, मग खाली उतरत जायचं. मोजायची साखळी ३३ फुटांची, तिचेही भाग सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर.

रुपयाचे सोळा आणे तर आधीपासून होतेच. पण जमीन, साखळी आणि पीक या तिन्हींना तोच आकडा लागला आणि 'सोळा आणे' म्हणजे पूर्ण, निखळ, काही न राहिलेलं, हे कुणब्याच्या मनात खोल गेलं असावं. पाऊस सोळा आणे झाला. बोलला ते सोळा आणे खरं. आणा हे नाणं दशमान पद्धत आली तेव्हा, १ एप्रिल १९५७ ला, हिशेबातून गेलं. सरकारनं पिकाच्या अंदाजाला 'पैसेवारी' म्हणायला सुरुवात केली, आणि पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई हा नियमही पैशांतच लिहिला. तरी ओट्यावर बसणारी माणसं विचारायची, "भाऊसाहेब, आणेवारी किती लावली औंदा?" सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिलेलं असतं आणि वाचणारा ते डोळ्यांनी वाचून तोंडानं एकर-गुंठे बोलतो. पुण्याच्या आसपास जमिनी गुंठ्या-गुंठ्यानं विकून पैसा आलेल्यांना 'गुंठामंत्री' म्हणायला लागले, म्हणजे गुंठ्याला अजून नवीन पोरं होताहेत.

त्याच १ एप्रिल १९५७ चं आणखी एक महत्त्व आहे. कूळकायद्यानं त्या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली. कृषक दिन. एकाच दिवशी आणा गेला आणि कूळ मालक झालं. 'कूळ' म्हणजे घराणं, वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. कुणाला आपलं कूळ सांगताना छाती फुगवावी लागे आणि कुणाचं नाव कूळ म्हणून लागावं यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. दोन्ही अर्थ एकाच गावात, कधी एकाच घरात.

आता आत्याबद्दल लिहिते. खरं तर या सगळ्याला हात घातला तो तिच्यासाठीच.

आत्या अण्णांहून मोठी. तिला अक्षरओळख नव्हती, पण हिशेब तोंडी चोख. लग्नानंतर सहा वर्षांत विधवा होऊन ती माहेरी आली आणि राहिली. आजोबा गेले १९७८ साली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं अण्णांचं नाव मालकाच्या रकान्यात लागलं आणि आजीचं आणि आत्याचं 'इतर हक्कात'. सातबारा कधी हातात घेतला असेल तर आठवेल, उजवीकडं एक रकाना असतो: कूळ, खंड, इतर अधिकार. बँकेचा बोजा तिथं, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा तिथं, वहिवाटीचा रस्ता तिथं. आणि बहिणी, विधवा, आया तिथं. खायला-प्यायला हक्क, पण जमिनीच्या मधल्या रकान्यात नाव नाही.

आत्याला हे अण्णांनीच समजावून सांगितलं असणार, कारण तिला रकान्याची बाजूसुद्धा माहीत होती. ती स्वतःबद्दल बोलताना तो शब्द वापरायची. रडत नाही, कुणाला लागावं म्हणूनही नाही. कोणतं रान विकायचं, कुणाच्या लग्नात किती खर्च करायचा, अशी बैठक बसली आणि तिला विचारलं की म्हणायची, "मला काय इचारता? मी इतर हक्कातली." पंगतीत शेवटी बसताना म्हणायची. भावजयीनं, म्हणजे माझ्या आईनं, नवं लुगडं घेतलं आणि हिला जुनं दिलं तेव्हा आईला तिनं असं म्हटलेलं मी ऐकलंय, आणि आईनं तोंड फिरवलेलंही पाहिलंय. आई वाईट नव्हती. तिचं स्वतःचं नाव तर त्या कागदावर उजवीकडंही नव्हतं.

सत्त्याण्णव साली विहिरीसाठी कर्ज काढायचं होतं आणि बँकेला खातं मोकळं पाहिजे होतं. आजी तोवर गेली होती. अण्णांनी आत्याला इंदापूरला नेलं. हक्कसोड. त्या शब्दाकडं मी पुष्कळदा बघत बसते. किती सोपा शब्द. दावं सोडावं, हट्ट सोडावा, तसा हक्क सोडला. दस्तात लिहिलं होतं की 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता'. परत येताना तिला साडी-चोळी घेतली, बसस्टँडवर पेढे घेतले. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हिस्सा देणारी दुरुस्ती १९९४ लाच झाली होती. आत्याला ती लागू नव्हती, लग्न आधीचं. पण वडिलांच्या माघारी वारस म्हणून तिचा वाटा त्याआधीपासून होताच, आणि अण्णांना हे जिल्ह्यातल्या कुणाहूनही जास्त ठाऊक होतं. अण्णांवर माझं प्रेम होतं, आहे. त्यांनी आयुष्यात कुणाकडून पाच रुपये घेतले नाहीत आणि लोकांच्या बहिणींची नावं गाळायला आलेल्यांना ओट्यावरून हाकलताना मी त्यांना पाहिलंय. म्हणूनच हे अधिक खुपतं.

तलाठ्यांच्या बोलीत नाव कमी झालं की त्याला 'कंस झाला' म्हणतात. नाव खोडत नाहीत, दोन्ही बाजूंना कंस घालतात आणि ज्या फेरफारानं ते गेलं त्याचा नंबर जवळ वर्तुळात लिहितात. म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की इथं कुणीतरी होतं. माणूस मेला की कंस, जमीन विकली की कंस, हक्क सोडला की कंस. त्या संध्याकाळी आत्यानं नवी साडी न नेसता घडीसकट पेटीत ठेवली. मी तेव्हा कॉलेजात होते. मी विचारलं, "कसं झालं गं काम?" ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "झालं. आता मला कंस."

त्यानंतर 'इतर हक्कातली' हे तिच्या तोंडून परत कधी आलं नाही.

वरून दिलेल्या शब्दांचं नशीब वेगळं असतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. हे काम थोर होतं, राज्य आपलं आहे हे आपल्या भाषेत म्हणण्याचं होतं. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, पेशव्याचा पंतप्रधान. लोकांनी पेशवा सोडला नाही. मुजुमदार, पोतनीस ही कामं संपली आणि शब्द आडनावांत जाऊन राहिले. सचिव मात्र तीन शतकांनी परत आला आणि आज प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीच्या नोटिशीखाली सही करतो. काही शब्दांचे अर्थच फिरले. 'मखलाशी' म्हणजे अर्जावर, यादीवर वरिष्ठानं मारलेला मंजुरीचा शेरा. आज मखलाशी म्हणजे अंगाशी आलेलं सफाईनं सावरून घेणं. एवढा प्रवास व्हायला वरिष्ठांचे किती शेरे लोकांनी सोसले असतील. २०२४ मध्ये सरकारनं तलाठ्याचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. पाटीवर लागलंय. आमच्या गावात एकानंही अजून तसं हाक मारलेलं मी ऐकलं नाही, आणि मारणार तरी कशी?

अण्णा गेले. वारसनोंदीचा अर्ज दिला. आता दप्तर नाही, तलाठ्याच्या टेबलावर लॅपटॉप आहे. तिशीतली मुलगी, गाव तिला 'मॅडम' म्हणतं. तिनं वारसांची नावं वाचली: आई, भाऊ, मी, धाकटी बहीण. मग सरावानं विचारलं, "हक्कसोड आहे का बहिणींची?" सरावानंच. त्यात वाईट काही नव्हतं. चावडीत सात-आठ माणसं होती, सगळ्यांनी भावाकडं पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "नाही. सगळ्यांची लावा." चावडीतून बाहेर आल्यावर त्यानं चहा सांगितला आणि आम्ही दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोललो.

नोंद मंजूर झाल्यावर १५ रुपये भरून उतारा काढला. २०२० साली नमुना बदलला, तेव्हापासून कमी झालेल्या नावाला कंस करून वर आडवी रेघही मारतात. अण्णांच्या नावावर ती रेघ होती. अण्णांनी स्वतः हजारो कंस घातले असतील. मी तो कागद घेऊन आत्याकडं गेले. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, डोळे बरे आहेत. अण्णांचं नाव दाखवलं. तिनं रेघेवरून बोट फिरवलं, हळू, जसं एखाद्याच्या कपाळावरून फिरवतात.

मग विचारलं, "तुजं कुटंय?"

मी दाखवलं.

"ही बाजू कंची? उजवी न्हवं?"

"नाही आत्या. मधली."

तिनं कागद घेतला, उजेडाकडं धरला. अक्षरं तिला येत नाहीत, पण रकाने येतात. उजवीकडच्या रकान्यावर तिनं अंगठा ठेवला आणि तो झाकून टाकला, आणि उरलेल्या भागाकडं पुष्कळ वेळ बघत राहिली. नंतर म्हणाली, "ह्ये कपाटात ठेव. फडक्यात गुंडाळून ठेव, उघडं नगं."

तांबडं मांजरपाट घरात सापडलं नाही. मी तिच्या पेटीतली सत्त्याण्णवची साडी मागितली, आणि तिनं दिली.